कांगड्याचं मीठ: सहा वर्षांत मिळालेलं उत्तर देशभर पोचायला चाळीसहून जास्त वर्षं का लागली

कांगडा खोरं म्हणजे एका बाजूला धौलाधारची बर्फाळ रांग, दुसऱ्या बाजूला शिवालिकच्या टेकड्या आणि मधे भात, गहू, मका पिकवणारी गावं. आज हा भाग हिमाचल प्रदेशात आहे, १९५६ साली पंजाबात होता. त्या काळी तिथली शाळकरी पोरं तपासली तर दहातल्या जवळपास चार जणांना गलगंड, म्हणजे गळ्याला मोठी गाठ, निघायचा आणि गावात कुणाला त्याचं फारसं काही वाटायचंही नाही, कारण आईला होता, आजीला होता, शेजारणीला होता, मग पोरीला झाला तर त्यात नवल काय. काही घरांत जन्मापासून ऐकू-बोलू न शकणारं, उंची खुंटलेलं, चालताना पाय ताठ होणारं एखादं मूल असायचं आणि ते नशिबाच्या खात्यात जमा व्हायचं.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलंय. व्हिटॅमिन-मिनरलच्या कमतरतेबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा "काय खावं" इथेच अडकतो, पालक खा, नाचणी खा, बीट खा वगैरे. कांगड्यातल्या बाईने तिच्या शेतातलं काहीही खाल्लं असतं तरी तिचा गलगंड गेला नसता कारण आयोडीनची कमतरता तिच्या ताटात नंतर आली, आधी ती मातीत होती. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, इथे आयोडीन मिसळलेलं मीठ हा इलाज सापडला, तो स्वस्त होता, आकड्यांनिशी सिद्ध झाला, आणि तरीही तो देशातल्या बहुतेक घरांपर्यंत जायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. ती वर्षं कुठे गेली हे नीट बघायला हवं.

आधी मातीचं बघू. मातीतलं आयोडीन पाण्याबरोबर सहज वाहून जातं. हिमालयात हजारो वर्षं हिमनद्यांनी वरची माती खरवडून नेली, वरून पाऊस, पूर, उतार, त्यामुळे जमिनीतलं आयोडीन धुपून नद्यांवाटे समुद्रात गेलं. जे थोडं वाफेतून आणि पावसातून परत येतं ते पुरेसं नसतं. मग त्या जमिनीतलं धान्य, भाजी, तिथल्या गवतावर जगणाऱ्या गाई-म्हशींचं दूध, विहिरीचं पाणी, सगळ्यातच आयोडीन कमी. शरीराला लागतं तरी किती, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ७० वर्षांच्या अख्ख्या आयुष्याचा हिशोब केला तरी चार ग्रॅमच्या आत, चहाचा एक चमचा भरणारही नाही इतकं. पण ते रोज लागतं, जेवणातून एकदम खाऊन वर्षानुवर्षांची बेगमी करता येत नाही.

हे आयोडीन लागतं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला, थायरॉक्सिन हे हार्मोन बनवायला, ज्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. कच्चा माल मिळाला नाही की हार्मोन कमी पडतं, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ते ओळखते आणि थायरॉइडला "अजून बनव, अजून बनव" असा सिग्नल पाठवत राहते, आणि त्या सततच्या रेट्याने ग्रंथी वाढत जाते. बाहेरून दिसतो तो गलगंड हा असा, उपाशी ग्रंथीने मिळेल तो कण पकडायला केलेला आटापिटा. आत काय चाललंय ते दिसत नाही आणि खरं नुकसान आतच असतं, त्यावर पुढे येतोच.

आता वाटेल की कारण माहीत होतं तर प्रयोग कशाला. स्वित्झर्लंडने १९२२ पासून आयोडीनयुक्त मीठ द्यायला सुरुवात केली होती, अमेरिकेत मिशिगनमध्ये १९२४ ला आलं होतं. पण आपल्याकडे हिमालयातल्या गलगंडाबद्दल दुसराच विचार बरीच वर्षं जोरात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचा ब्रिटिश लष्करी डॉक्टर गिलगिट भागात काम करत होता. त्याने पाहिलं की एकाच ओढ्याचं पाणी पिणाऱ्या गावांत जसजसं खाली जावं तसतसा गलगंड वाढतो, कारण वरच्या गावांची घाण खाली येते. त्याने त्या पाण्यातला गाळ स्वतः पिऊन आणि इतरांना देऊन प्रयोग केले, काहींचे गळे सुजलेही. म्हणजे दूषित पाणी, जंतू, असा त्याचा निष्कर्ष. हा माणूस हलका नव्हता, कुन्नूरला त्याने जी पोषणाची प्रयोगशाळा उभी केली तीच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. त्यामुळे त्याच्या मताला वजन होतं, आणि "हिमालयातला गलगंड पाण्यामुळे की आयोडीनमुळे" हा प्रश्न भारतात खरोखरच शिल्लक होता.

हा प्रश्न निकाली काढला व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या टीमने. रामलिंगस्वामी पॅथॉलॉजिस्ट, पुढे दिल्लीच्या एम्सचे डायरेक्टर आणि नंतर आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे, महासंचालक झाले. टीममध्ये सूच होते, कोचुपिल्लई होते, आणि देव आणि करमरकर ही दोन मराठी नावंही होती, कांगड्याच्या निकालांवर १९७३ साली जो मुख्य पेपर आला त्यावर ही सगळी नावं आहेत. त्यांनी गलगंडाच्या पेशंटना रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा अगदी छोटा डोस देऊन पाहिलं, तर ग्रंथी ते अधाशासारखं ओढून घेत होती आणि लघवीतून बाहेर पडणारं आयोडीन नगण्य होतं. ग्रंथी बिघडलेली नाही, तिला माल मिळत नाहीये, हे त्यातून सरळ दिसलं.

पण खरी ताकद होती ती गावपातळीवरच्या प्रयोगात. खोऱ्यातली साधारण एक लाख वस्ती तीन झोनमध्ये वाटली, ए, बी आणि सी. आधी, १९५६ साली, तिन्हीकडे तपासणी झाली, गलगंडाचं प्रमाण जवळपास सारखंच. मग ए झोनला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेलं मीठ, सी झोनला पोटॅशियम आयोडेट मिसळलेलं मीठ आणि बी झोनला साधं मीठ. लोकांच्या जेवणात, पाण्यात, राहणीत काहीच बदललं नाही. तेच ओढे, तीच शेतं, फक्त मीठ वेगळं.

आयोडाइड आणि आयोडेट असे आयोडीनच्या क्षारांचे दोन प्रकार का, तर यात आपल्या देशाची सगळी परिस्थिती आली. युरोप-अमेरिकेत मीठ कोरडं, शुद्ध, बंद डब्यात. तिथे आयोडाइड टिकतं. आपलं मीठ ओलसर, त्यात मॅग्नेशियमसारखे क्षार राहिलेले, गोणीत भरलेलं, मालगाडीतून आठवडेच्या आठवडे प्रवास करणारं, पावसात भिजणारं, मग दुकानात महिनोन्महिने पडून राहणारं. असल्या मिठातून आयोडाइड लवकर उडून जातं, आयोडेट जास्त टिकतं. म्हणून बघायचं होतं की आयोडेट शरीरात गेल्यावर तेवढंच काम करतं का.

१९६२ मध्ये पुन्हा तपासणी झाली. ए आणि सी दोन्ही झोनमध्ये शाळकरी मुलांमधला गलगंड निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला होता, बी झोनमध्ये काहीच फरक नव्हता. पाणी तर तिन्हीकडे तेच होतं. मॅकॅरिसनचा प्रश्न तिथे संपला, आणि आयोडेट चालतं हेही कळलं, आज आपल्या मिठात आयोडेटच असतं त्यामागे हा निकाल आहे. मग बी झोनलाही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि १९६८ च्या तपासणीत तिथलाही गलगंड झपाट्याने उतरला, ए आणि सी मधला तर आणखी खाली गेला. ज्या झोनमध्ये काही बदलत नव्हतं तिथे मीठ बदलल्यावर तेच घडलं जे बाकी दोन ठिकाणी घडलं होतं, याहून स्वच्छ पुरावा सार्वजनिक आरोग्यात क्वचित मिळतो.

इथे बी झोनबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. सहा वर्षं तिथल्या लोकांना साधं मीठ दिलं गेलं, त्या सहा वर्षांत तिथे बायका गरोदर राहिल्या, मुलं जन्मली. त्या काळातल्या संशोधकांच्या बाजूने हे म्हणता येईल की हिमालयातलं कारण तेव्हा सिद्ध नव्हतं, सरकारला देशभर खर्च करायला लावायचा तर तुलना लागणारच होती, आणि प्रयोग झाला नसता तर बी झोनला तसंही साधंच मीठ मिळालं असतं, बाकी सगळ्या हिमालयासारखं. निकाल आल्याबरोबर त्यांनी बी झोनला मीठ दिलं हेही खरं. तरी आजच्या नियमांत असा प्रयोग या स्वरूपात पास होणार नाही आणि होऊही नये, इतर देशांत परिणाम दिसलेली गोष्ट सहा वर्षं रोखून धरणं हा त्या आयांवर पडलेला भार होता आणि त्यांना कुणी विचारलं असेल असं समजायला जागा कमी आहे. या प्रयोगाचं कौतुक करताना बी झोनचे आकडे म्हणजे माणसं होती हे धरूनच करायला हवं.

१९६२ मध्येच केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. म्हणजे कागदावर बघितलं तर निकाल आणि कार्यक्रम एकाच वर्षी, याहून फास्ट काय पाहिजे. पण प्रत्यक्षात पुढची वीस वर्षं हा कार्यक्रम रांगत राहिला आणि माझ्या मते याचं सगळ्यात मोठं कारण हे की गलगंड हा डोंगरातल्या लोकांचा, दिसायला वाईट पण जीव न घेणारा आजार आहे असं दिल्लीत धरलं गेलं होतं. काश्मीरपासून ईशान्येपर्यंत हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा आखला, त्याला गलगंडाचा पट्टा म्हटलं आणि फक्त तिथे आयोडीनचं मीठ पाठवायचं ठरलं. आयोडीनचं मीठ बनवायचे प्लांट मोजके आणि सरकारी, खाजगी कंपन्यांना परवानगी नाही, गरजेच्या मानाने उत्पादन फारच थोडं. पट्ट्यात साधं मीठ विकायला बंदी करायची तर आयोडीनचं मीठ पुरेसं पोचत नाही, आणि बंदी नाही म्हटल्यावर व्यापारी स्वस्तातलं साधं मीठ आणून विकतो. किराणा दुकानात दोन्ही गोण्या शेजारी शेजारी असतील आणि एक थोडी स्वस्त असेल तर गरीब घर कुठली घेणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

दुसरी भानगड वाहतुकीची. आपलं बहुतेक मीठ गुजरातेत बनतं, कच्छच्या रणाच्या कडेने आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, अगरिया कुटुंबं उन्हात उभी राहून पिकवतात, बाकी तमिळनाडूत तुतिकोरीनकडे आणि राजस्थानात. ते जायचंय हिमाचल, बिहार, आसामात. रेल्वेने जाणारं मीठ वाघिणीत चढायच्या आधी तपासता येतं कारण तिथे मीठ आयुक्तांचं खातं असतं, ट्रकने निघालेलं मीठ कुठे कोण तपासणार. आयोडीन कमी असलेला माल रस्त्यानेच जास्त निघायचा.

चित्र बदललं ते मेंदूमुळे. १९६६ मध्ये पापुआ न्यू गिनीत एक अभ्यास सुरू झाला, तिथे बायकांना गर्भ राहण्याच्या आधी आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं तर मूकबधिर, वाढ खुंटलेली मुलं जन्माला येणं थांबतं असं दिसलं, आणि आधीच हे व्हावं लागतं, गर्भ बराच वाढल्यावर उपयोग नाही. कारण पहिले तीन महिने गर्भाची स्वतःची थायरॉइड काम करत नसते, मेंदूची सगळी सुरुवातीची बांधणी आईच्या थायरॉक्सिनवर होते. ते कमी पडलं तर त्या काळात राहिलेलं काम नंतर भरून निघत नाही, मूल जन्मल्यावर कितीही आयोडीन द्या. बऱ्याच बायकांना आपण गरोदर आहोत हे कळेपर्यंतच त्यातले पाच-सहा आठवडे गेलेले असतात, म्हणून हे आयोडीन आधीपासून रोजच्या जेवणात असायला लागतं, डॉक्टरकडे गेल्यावर सुरू करायची ही गोळी नव्हे.

आणि नुकसान फक्त त्या एखाद्या ठळक मुलापुरतं नसतं. जगभरचे अभ्यास एकत्र करून १९९४ मध्ये एक विश्लेषण झालं, त्यात आयोडीनची कमतरता असलेल्या वस्तीतल्या लोकांचा बुद्ध्यांक पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या वस्तीपेक्षा सरासरी १३.५ अंकांनी कमी निघाला. म्हणजे बाहेरून ठणठणीत दिसणारी, शाळेत जाणारी, गळ्याला गाठ नसलेली मुलंसुद्धा मागे राहत होती आणि मास्तर म्हणत होते पोराचं अभ्यासात डोकं नाही.

भारतात ही गोष्ट पुढे आणली कांगड्याच्याच टीममधल्या एन. कोचुपिल्लई यांनी. त्यांनी उत्तर प्रदेशातल्या गोंडासारख्या तराईतल्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यातल्या, जिल्ह्यांत नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात थायरॉइडची तपासणी केली, तर जन्मतःच हार्मोन कमी असलेल्या बाळांचं प्रमाण दिल्लीच्या कित्येक पट निघालं. आता हे कुणाला डोंगरातल्या बायकांच्या गळ्याची गाठ म्हणून बाजूला ठेवता येईना. शिवाय इतर राज्यांत सर्व्हे झाले तसं कळलं की तो आखलेला पट्टाच अपुरा होता, सपाटीवर, पूर येणाऱ्या खोऱ्यांत, गुजरातेत, मध्य प्रदेशात आणि आपल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांतही गलगंड आढळला. समुद्र जवळ असला म्हणजे आयोडीन मिळतंच असंही नाही, मासे रोज आणि सगळ्यांच्या ताटात नसतात.

मग १९८३-८४ च्या सुमारास धोरण बदललं, पट्टा सोडून अख्ख्या देशाचं खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं, खाजगी कंपन्यांना दार उघडलं, १९८६ पासून टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी. टाटा मीठ बाजारात आलं ते १९८३ मध्ये, पाकिटातल्या बारीक मिठाची सवय शहरांना लागली ती याच काळात. प्लांट भराभर वाढले, मिसळायला लागणारा खर्च किलोमागे काही पैशांत होता. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातला गलगंड जाऊन आयोडीन कमतरतेचे सगळे विकार त्यात आले. प्रमाण असं ठरलं की कारखान्यात निदान ३० पीपीएम, म्हणजे किलोभर मिठात ३० मिलिग्रॅम आयोडीन, आणि ग्राहकाच्या हातात पोचेपर्यंत निदान १५ पीपीएम, कारण वाटेत काही उडणार हे धरलेलंच होतं. १५ पीपीएमचं १० ग्रॅम मीठ म्हणजे बरोबर १५० मायक्रोग्रॅम.

मे १९९८ पासून केंद्राने खाण्यासाठी साधं मीठ विकायला देशभर बंदी केली. आणि २००० साली ती उठवली.

या उठवण्यावर मला थोडं थांबायचंय. युक्तिवाद असा होता की सार्वजनिक आरोग्यात सक्ती नको, लोकांना माहिती द्या आणि निवडू द्या. मिठाला आपल्या देशात वेगळा अर्थ आहे, १९३० मध्ये दांडीला जे झालं ते याच मिठावरच्या सरकारी मक्तेदारीविरुद्ध, त्यामुळे सरकार मिठात काय घालायचं ते ठरवतंय म्हटल्यावर गांधीवादी आणि स्वदेशीवाल्या लोकांना ते खुपणं समजण्यासारखं आहे. लहान उत्पादकांचं दुखणं तर पूर्ण खरं होतं. पेण-उरणकडची, वसईची मिठागरं, गोव्यात आगरवाड्यासारख्या ठिकाणचे आगर, इथे पिढ्यान् पिढ्या हाताने मीठ काढणाऱ्या माणसाकडे आयोडीन फवारायचं मशीन कुठून येणार, त्याचं खडे मीठ एका आदेशाने माणसांच्या ताटातून बाद होतं आणि मासे सुकवायला, जनावरांना, माडाच्या आळ्यात घालायला एवढंच उरतं. या लोकांना सोसायटी करून एकत्र मिसळणी करायची सोय सरकारने नीट उभी करायला हवी होती, ती पुरेशी झाली नाही, आणि याची किंमत त्यांनी मोजली.

पण "निवडू द्या" हा मुद्दा इथे लागू होत नाही. ज्याचं नुकसान होणार ते मूल अजून गर्भात आहे, ते काय निवडणार. आणि निवड करणाऱ्या बाईला तिच्या गोणीतल्या मिठात आयोडीन आहे की नाही हे रंगावरून, चवीवरून, वासावरून कळत नाही, परिणाम दिसायला वर्षं लागतात आणि दिसला तरी त्याचा संबंध मिठाशी कुणी जोडत नाही. सार्वजनिक आरोग्यात जिथे माणसाला स्वतःच्या अनुभवातून धोका कळूच शकत नाही तिथे नियम लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडे काय सांगतात. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत पुरेसं आयोडीन असलेलं मीठ वापरणारी घरं ४९ टक्के होती. बंदी उठल्यानंतरच्या एका मोठ्या जिल्हावार सर्व्हेत हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास दिसला. २००५-०६ मध्ये ५१ टक्के. सर्व्हे वेगवेगळे, पद्धत थोडी वेगळी, त्यामुळे एका रेषेत जोडताना जपून, पण सात वर्षांत पाऊल पुढे पडलं नाही एवढं तर यातून निश्चित कळतं, आणि त्या सात वर्षांत जन्मलेली मुलं आज विशीत आहेत. नोव्हेंबर २००५ मध्ये बंदीचा आदेश पुन्हा निघाला आणि मे २००६ पासून लागू झाला.

त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं, त्यात नागपूरची ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही संस्था होती. त्यांचं म्हणणं की सगळ्या देशात कमतरता नाही, मग ज्यांना गरज नाही त्यांच्यावर आयोडीन का लादता, आणि जास्त आयोडीनचे तोटे आहेत त्याचं काय. जुलै २०११ मध्ये निकाल आला तो वाचण्यासारखा आहे. कोर्टाने म्हटलं की भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली सरकारला आरोग्याला घातक वस्तू बंद करायचा अधिकार आहे, साधं मीठ काही घातक नाही, त्यामुळे तो नियम त्या कायद्यात बसत नाही. पण नियम तडकाफडकी रद्द केला तर लोकांच्या आरोग्याचं नुकसान होईल म्हणून आपला विशेष अधिकार वापरून कोर्टाने तो सहा महिने चालू ठेवला आणि सरकारला फेरविचाराला वेळ दिला. दरम्यान ऑगस्ट २०११ पासून नव्या अन्न सुरक्षा कायद्याखालचे नियम लागू झाले आणि त्यात ही बंदी नव्याने आली, आज जी चालू आहे ती हीच. मला वाटतं कोर्टाने सरकारला योग्य धडा दिला, हेतू चांगला असला तरी तो योग्य कायद्यात बसवावा लागतो.

जास्त आयोडीनच्या शंकेला उत्तर द्यायलाच हवं कारण ती खोटी नाही. बरीच वर्षं कमतरता असलेल्या वस्तीत आयोडीन सुरू केलं की ज्यांच्या जुन्या गलगंडात गाठी झालेल्या असतात अशा काही वयस्कर लोकांमध्ये थायरॉइड अति काम करायला लागते, वजन उतरतं, छाती धडधडते. हे होतं, डॉक्टरांनी त्यावर लक्ष ठेवायचं असतं, आणि काही वर्षांत ते कमी होतं. दुसरं, आज शहरात इतक्या बायका सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात त्यातल्या बहुतेकींचा आजार वेगळा आहे, त्यांच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर हल्ला केलेला असतो, तो आयोडीन खाऊन बरा होत नाही आणि म्हणून "मीठ तर आयोडीनचंच खाते मग मला थायरॉइड कसा" हा प्रश्न सारखा येतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आता आजची परिस्थिती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेच्या ताज्या फेऱ्यांमध्ये आयोडीनयुक्त मीठ असलेली घरं ९० टक्क्यांच्या वर आहेत, आणि हे वाचून काम फत्ते असं वाटतं. पण तिथे घरातल्या मिठावर किटमधला एक थेंब टाकतात, निळा-जांभळा रंग आला की आयोडीन आहे. किती आहे हे त्यातून नीट कळत नाही. २०१८-१९ च्या देशव्यापी आयोडीन सर्व्हेत प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा १५ पीपीएम किंवा जास्त असलेली घरं ७६.३ टक्के निघाली, म्हणजे चारातल्या एका घरात अजून पुरेसं नाही. सगळ्यात कमी प्रमाण तमिळनाडूत, जिथे मीठ पिकतं तिथेच, कारण जवळच्या मिठागरातलं खडे मीठ पॅकिंग आणि तपासणीला वळसा घालून थेट घरात जातं. खडे मिठात आयोडीन एकसारखं बसतही नाही, आणि काही घरांत ते धुऊन वापरतात, मग जे होतं तेही पाण्याबरोबर जातं.

खुद्द कांगड्यात नंतरच्या दशकांत पुन्हा शाळकरी मुलं तपासली गेली. लघवीतलं आयोडीन पुरेसं निघालं तरी काही मुलांमध्ये गलगंड होताच. त्यावर चर्चा चालू असते, हाताने चाचपून लहान गलगंड ओळखण्यात तपासणाऱ्यागणिक फरक पडतो, ग्रंथी सावकाश आकसते, आणि आहारातले आयोडीनला अडवणारे इतर घटकही असू शकतात. पण आता लघवीतलं आयोडीन हाच जास्त भरवशाचा आकडा धरतात आणि गर्भवतींमध्ये तो वेगळा मोजायला लागतो, कारण त्यांची गरज जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दिवसाला २५० मायक्रोग्रॅम, मुलांच्या आकड्यावरून त्यांचा अंदाज बांधून चालत नाही. माझ्या मते आपल्या जिल्हा पातळीवरच्या सर्व्हेंमध्ये हाच सगळ्यात कच्चा दुवा आहे, शाळेतली पोरं गोळा करणं सोपं म्हणून आपण तीच तपासतो.

एक नवी गोष्ट गेल्या काही वर्षांत शिकल्या-सवरलेल्या घरांत आली आहे, गुलाबी मीठ, सैंधव, शेंदेलोण, "नॅचरल" खडे मीठ. उपासाला चिमूटभर शेंदेलोण वापरणं वेगळं आणि रोजच्या आमटी-भाजीला तेच वापरणं वेगळं. डोंगरातून खणून काढलेल्या या मिठात नैसर्गिक आयोडीन नगण्य असतं, वर काही मिसळलेलं नसेल तर त्या घरात १९५६ सालचा बी झोन चालू आहे. पाकिटावर आयोडीनयुक्त असं लिहिलंय का ते बघा, सूर्याचं चिन्ह असलेला लोगो बघा. घरात कुणी गरोदर असेल किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल तर स्वयंपाकाचं मुख्य मीठ आयोडीनवालंच ठेवा, झाकणाच्या डब्यात, शेगडीच्या वाफेपासून लांब, आणि पदार्थ होत आल्यावर घातलं तर आणखी चांगलं. ब्लड प्रेशरमुळे मीठ कमी करायला सांगितलं असेल तर कमी करायलाच हवं, त्यात आयोडीनची भीती मधे आणू नका, जागतिक आरोग्य संघटना स्वतः दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते आणि लोकांचं मीठ कमी झालं तर त्या प्रमाणात मिठातलं आयोडीन वाढवावं असंही तीच सांगते. ते वाढवायचं की नाही आणि किती, हे ठरवायला सरकारला पुन्हा गावोगाव लघवीचे नमुने गोळा करावे लागतील, गर्भवतींचे धरून.